गोवर्धनच्या विणकरांची ठेव

रविवारची सुट्टी मिळाली की नाशिकची मंडळी गंगापूर रोडने निघतात. कोणी धबधब्याला, कोणी धरणावर, तर हल्ली कोणी द्राक्षमळ्यांकडे. आमचेही सांगणे तेच आहे : भाकरी बांधून घ्या, मुलाबाळांसह निघा. फक्त वाटेत गोवर्धनला थोडे उतरा.

रस्ता सुरू होतो तोच अशोक स्तंभापाशी. रिक्षावाल्याच्या तोंडी दिवसभर हे नाव असते. सम्राट अशोक किती जणांना आठवतो, कोण जाणे! पुढे आनंदवल्ली, मग सोमेश्वरचा धबधबा. पावसाळ्यात मुलांना कडेला जाऊ देऊ नका. गंगापूर गावाला लागूनच गोवर्धन. येथे पाहायचे काय, असे घरचे विचारतील. दिसायला साधे गाव. पण शिलालेखांतले 'गोवधन' नगर ते हेच, असे अभ्यासक मानतात.

ते शिलालेख वाचायला मात्र शहरात परतून मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या त्रिरश्मी लेण्यांवर जावे लागते. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा आणि या लेण्यांचा काडीचा संबंध नाही. ही भिक्खूंची निवासस्थाने आहेत, आणि लेखांत डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे आहे.

दहा नंबरच्या लेण्याच्या ओसरीत नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. (हाच उषवदात ब्राह्मणांनाही गायी आणि गावे देत होता, हेही तेथेच कोरले आहे.) लेणे संघाला देऊन त्याने ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. कोणाकडे? सावकाराकडे नव्हे, गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना. एकीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीच काढायचे नाही. २००० चे वर्षाचे व्याज २४० होते. वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब तंतोतंत जुळतो, मुलांकडून करून घ्या. राजाच्या जावयाने ज्यांच्या हाती पैसा निर्धास्त सोपवला ती हातमागावरची, कष्टकरी माणसे होती.

आपण मात्र जयंतीला वर्गणी काढतो आणि मंडप-लाऊडस्पीकरवर ती संपवतो. विहाराच्या नावे पुढच्या वर्षी शिल्लक किती?

आणखी एक. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून रीतसर नोंदवला, असेही लेखात म्हटले आहे. विहाराचा जमाखर्च फळ्यावर लावावा की नाही, यावर भांडणाऱ्या कार्यकर्त्यांनी दहा नंबरच्या ओसरीत एकदा जाऊन यावे.