हाडांची घडण : उंदरांची साक्ष किती मानावी?

अंगावर पाजणाऱ्या मातेच्या शरीरात एक कोडे दडलेले असते. दुधासाठी लागणारे कॅल्शियम काही अंशी तिच्या हाडांतून काढले जाते आणि हाडांचे रक्षण करणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक नेमके याच काळात घटलेले असते. तरीही तिची हाडे सहसा मोडत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधक हॉली इंग्रॅहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलै २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात याचे एक उत्तर मांडले. स्तनपानाच्या काळात उंदराच्या मादीच्या मेंदूत ‘सीसीएन३’ हे प्रथिन तयार होते आणि संप्रेरकासारखे काम करून हाडांच्या निर्मितीला चालना देते. ते रोखले असता मादीची हाडे झपाट्याने विरळ झाली आणि पिल्लांचे वजनही घटू लागले.

अशा शोधाची वार्ता येताच ‘ठिसूळ हाडांवर रामबाण उपाय’ असे मथळे झळकतात. परंतु उंदरापासून माणसापर्यंतचा मार्ग सरळ नसतो.

स्क्लेरोस्टिन हे प्रथिन हाडांच्या वाढीला लगाम घालते. ज्यांच्या शरीरात ते तयारच होत नाही, अशा मोजक्या रुग्णांची हाडे विलक्षण घट्ट असतात. त्यामागचे जनुक २००१ मध्ये सापडले. ते जनुक काढून टाकलेल्या उंदरांचीही हाडे भक्कम झाल्याचे २००८ मध्ये दिसून आले. या प्रथिनाला अडवणाऱ्या रोमोसोझुमॅब या औषधाला अमेरिकेत एप्रिल २०१९ मध्ये मान्यता मिळाली. मात्र चार हजारांहून अधिक महिलांवरील चाचणीत अस्थिभंग घटले, तरी हृदयविकार व पक्षाघाताच्या घटना जुन्या औषधाच्या तुलनेत अधिक आढळल्या. त्यामुळे औषधासोबत ठळक इशाराही छापला गेला.

याच्या उलट उदाहरण टेरिपॅराटाइडचे. पॅराथायरॉइड संप्रेरकाचा सततचा अतिरेक हाडे पोखरतो, पण रोजची अल्प मात्रा हाडे घडवते. हे औषध त्यावरच आधारलेले आहे. प्रयोगशाळेतील ‘रॅट’ या मोठ्या उंदरांना ते दीर्घकाळ दिले असता हाडांचा कर्करोग उद्भवला. म्हणून २००२ पासून औषधावर कर्करोगाचा इशारा होता. माणसांमध्ये तशी वाढ न आढळल्याने तो ठळक इशारा २०२० मध्ये हटवण्यात आला.

म्हणजे एका प्रसंगी धोका माणसांवरील चाचणीतच उघड झाला, तर दुसऱ्या प्रसंगी प्राण्यांत दिसलेला धोका माणसांत प्रत्ययास आला नाही. सीसीएन३ बाबतचा हा पुरावाही उंदरांपुरताच आहे. शोध मोलाचा आहे, पण त्याच्या आशेवर आजचे उपचार लांबणीवर टाकणे शहाणपणाचे नाही. रजोनिवृत्तीनंतर हाडांच्या घनतेची तपासणी, पुरेसे कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व, नियमित चालणे आणि वैद्यांच्या सल्ल्याने औषध, हे मार्ग आजही उपलब्ध आहेत.