चिऱ्याच्या घराचा गिलावा सोलू नका



कोकणात आणि गोव्यात जुनी घरं पाडण्याऐवजी दुरुस्त करून वापरण्याकडे कल वाढतो आहे, ही आनंदाची गोष्ट. मात्र या दुरुस्तीत पहिला घाव बहुतेक वेळा बाहेरच्या गिलाव्यावर पडतो. कोणी चुन्याचा जुना थर सोलून तांबडा चिरा उघडा करतं, कोणी त्याच थरावर टाचे मारून सिमेंट चढवतं. दोन्हींमुळे भिंतीचं आयुष्य घटतं. चुन्याचा गिलावा हा अशा भिंतीचाच भाग आहे. सैल झाला असेल तेवढाच काढावा आणि ती जागा पुन्हा चुन्यानेच भरावी.

उघड्या चिऱ्याचं काय होतं याचा पुरावा जुन्या गोव्यात आहे. 1605 मध्ये पूर्ण झालेल्या बॉम जेझूस बॅसिलिकाच्या बाहेरच्या भिंतींवर जवळजवळ साडेतीन शतकं गिलावा होता. तो पोर्तुगीज राजवटीने 1950 च्या दशकात उतरवला. पर्यटक आज ज्या तांबूस रूपाला प्राचीन समजतात, ते जेमतेम सत्तर वर्षांचं आहे, आणि एवढ्यात चिऱ्याची झीज इतकी झाली की गिलावा परत करावा अशी मागणी वास्तुतज्ज्ञ करत आहेत. समोरच्या से कॅथेड्रलच्या भिंती मात्र अजून पांढऱ्या गिलाव्यात आहेत. या झिजेचं कारण चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, घडणीत आहे. लोहाने घट्ट झालेली त्याची जाळी कठीण असते, पण तिच्या पोकळ्यांत मऊ माती असते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही वाऱ्याबरोबर आडवा, भिंतीवर आदळू लागला की ती माती धुऊन निघते आणि दगड पोखरत जातो.

यावर म्हटलं जातं की कोकणात उघड्या चिऱ्याच्या विहिरी, गडगे आणि घरंही पिढ्यान् पिढ्या उभी आहेत. खरं आहे. पण उघडं ठेवायचं ठरवून बांधलेल्या घराला चिरा निवडून घेतलेला असतो, तो नीट घडवलेला असतो आणि वर छपराची खोल वळचण असते. जे घर गिलाव्यासाठीच बांधलं, त्यात ओबडधोबड दगड आणि मातीच्या दरजा चालून गेल्या, कारण त्या झाकल्या जाणार होत्या. गिलावा सोलला की दगडाच्या आधी त्या दरजाच रिकाम्या होतात.

मग सिमेंट का नको, ते तर अधिक मजबूत, असा दुसरा आक्षेप. इथे मजबुतीच घातक ठरते. जुन्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं आणि चुन्याच्या सच्छिद्र थरातून वाळून जातं. सिमेंट ती वाट बुजवतं. ओल आणखी वर चढते, आतल्या खोलीत उतरते, लोणा धरतो, भिंतीत टेकलेल्या तुळयांची टोकं कुजतात. शिवाय ताठर सिमेंटला केसाएवढ्या भेगा पडतातच. त्यांतून पाणी आत शिरतं, पण बाहेर पडत नाही. गिलावा भिंतीपेक्षा मऊच हवा. झिजायचं ते त्याने झिजावं, चिऱ्याने नव्हे.

चुन्याचं काम जाणणारे गवंडी दुर्मीळ झालेत आणि कामाला वेळ लागतो, ही अडचण खरी आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, म्हणून पावसाच्या तोंडावर हे काम काढून उपयोग नाही; ते दिवाळीनंतर सुरू करावं. पण ही विद्या हरवलेली नाही. बांधकामाच्या चुन्यासाठी आयएस 712 आणि चुन्याच्या गिलाव्यासाठी आयएस 2394 ही भारतीय मानकं आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी गवंडीकामात हा विषय घेतला, तर मागणी असलेल्या गावांतच कारागीर तयार होतील.

ज्यांच्या भिंतींवर सिमेंट आधीच चढलं आहे, त्यांनी ब्रेकर लावून ते सरसकट उखडू नये. घट्ट बसलेल्या सिमेंटबरोबर चिऱ्याचा दर्शनी भागही निघून येतो. भिंत हातोडीने हलके ठोकावी, पोकळ आवाज येईल तेवढाच भाग छिन्नीने उतरवावा, उघडी झालेली भिंत कोरड्या दिवसांत वाळू द्यावी आणि मगच चुना लावावा.

— एक वाचक, रत्नागिरी