शून्य गुणांचे अर्थशास्त्र

संगणकीय खेळांविषयी ग्राहक नोंदवितात ते अभिप्राय विश्वसनीय मानावेत काय? ‘द लास्ट ऑफ अस’चा दुसरा भाग १९ जून २०२० रोजी विक्रीस आला आणि पहिल्याच दिवशी मेटाक्रिटिकवर हजारो जणांनी त्यास शून्य गुण दिले. वीस तासांहून दीर्घ खेळ या मंडळींनी एवढ्यात संपविला असेल, हे संभवत नाही. तेथे खरेदीचा पुरावा लागत नाही. फुकटच्या मताचे मोल तेवढेच!

स्टीमवर खेळ ज्याच्या खात्यात आहे तोच लिहू शकतो, आणि तो किती तास खेळला हेही दिसते. तथापि मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’विरुद्ध दोन लाखांवर अभिप्राय नोंदले गेले, ते खेळ वाईट म्हणून नव्हे. सोनीने आपले खाते जोडण्याची सक्ती केली होती, आणि अनेक देशांत ते खाते उघडताच येत नव्हते. काही दिवसांतच सोनीस माघार घ्यावी लागली. तक्रार खरीच होती. मात्र गुणांकात मालाचा दर्जा आणि कराराच्या अटी यांची सरमिसळ झाली. म्हणून आकड्यापेक्षा मजकूर वाचणेच इष्ट.

‘विषयबाह्य’ अभिप्रायांची लाट गुणांकातून वगळण्याचे धोरण स्टीमने २०१९ मध्ये स्वीकारले. परंतु विषयबाह्य काय, हे ठरविणार दुकानदार, आणि त्याची दलाली तर विक्रीवरच अवलंबून.