पंपाला हात शेवटी

कोरडवाहू रानात ओल म्हणजे दोन-चार दिवसांची पाहुणी. नेमका पेरणीच्या सकाळी छोटा ट्रॅक्टर चालू होत नाही, मेकॅनिक येतो आणि पहिला हात पंपाला घालतो. आमचे म्हणणे, पंपाला हात सर्वांत शेवटी.

सेल्फ मारल्यावर नुसते ‘टक’ वाजले, तर आधी बॅटरी. निगेटिव्ह वायर पहिली सोडा, टर्मिनलवरचा पांढरा थर गरम पाण्याने धुवा, पुसून घट्ट आवळा. काहीच वाजत नसेल तर क्लच पूर्ण दाबला का पाहा; पुष्कळ ट्रॅक्टरांत त्याशिवाय सेल्फला करंटच जात नाही. इंजिन फिरते पण सायलेन्सरला धूर नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही. इंजिन बंद करायचा दांडा ओढलेलाच राहिला असेल. हसू नका, यापायी मेकॅनिकची फेरी भरलेले गावोगाव आहेत. टाकी कोरडी पडली होती? मग एअर घेतली. फिल्टरवरचा एअर-स्क्रू सैल करून हातपंप मारा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की आवळा. एका पान्याचे काम, घरच्या पोरापोरींना आलेच पाहिजे.

पांढरा धूर येतो पण इंजिन पेट घेत नाही, तर डिझेल पोचते आहे. हीटर, कॉम्प्रेशन पाहायला जाणकार बोलवा. पंप खोलायचाच ठरला तर टेस्टिंग मशीन असलेल्या दुकानात न्या. खळ्यावरच्या धुळीचा एक कण आतल्या प्लंजरला ओरखडा पाडायला पुरतो.