नरकासुराचा हात आणि शाळेतील कोडिंग

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात गोव्यातील कोणत्याही वाड्यावर रात्री फेरी मारली, तर एक दृश्य हमखास दिसते. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, सुके गवत, वर्तमानपत्रांचे थर आणि भोवती घोळका करून बसलेली मुले. नरकासुराची मान वळावी, हात उचलला जावा, डोळे पेटावेत म्हणून कुणीतरी भंगारातून मोटर पैदा केलेली असते. यांतलीच शाळकरी मुले संगणकाच्या तासाला पडद्यावरील मांजराला दहा पावले पुढे चालवण्याचा सराव करतात. या दोन्ही कामांचे नाते आहे, हे मात्र त्यांना बहुधा कुणी सांगितलेले नसते.

हा विषय आज काढण्याचे कारण आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचारपद्धती यांचा अभ्यासक्रम २०२६-२७ पासून तिसरीपासूनच सुरू करण्याचे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जाहीर केले आहे. गोव्याला हे क्षेत्र नवे नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांतील सहावी ते आठवीच्या मुलांसाठी कोडिंग व रोबोटिक्सची ‘केअर्स’ योजना राज्याने आधीच राबवली आहे. त्यामुळे आपल्यापुढचा प्रश्न कोडिंग शिकवावे की नाही हा नसून, मुलांनी त्यातून काय घडवावे हा आहे.

संगणक आणि मूल यांची गाठ घालून देणाऱ्यांनी हा विचार पहिल्यापासून केला होता. सिमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली आणि पुढे तिला जमिनीवर फिरणारे यांत्रिक कासव जोडले. आज्ञा चुकली की कासव भलतीकडे जाई आणि चूक साऱ्या वर्गाला दिसे. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलांना ‘मायक्रोबिट’ मोफत देण्यात आले. तळहातावर मावणाऱ्या या पट्टीवर पंचवीस दिवे, दोन बटणे आणि हालचाल ओळखणारा संवेदक असतो. ‘लिलिपॅड’ तर विद्युतवाहक धाग्याने कापडावर शिवताच येते. एरवी इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदात मुली क्वचित दिसत. लिलिपॅडच्या प्रकल्पांत मात्र स्त्रियांचा सहभाग ठळक होता. नरकासुराच्या मांडवात मुलगी सहसा दिसत नाही, हे लक्षात घेता आपल्यासाठी हा तपशील मोलाचा आहे.

यासाठी परदेशाकडेच पाहायला हवे असेही नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतील एमआयटीच्या ‘फॅब लॅब’ संकल्पनेची अमेरिकेबाहेरील पहिली प्रयोगशाळा याच खेड्यात उभी राहिली. मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमितीचे सांगाडे उभे केले.

आपल्याकडे मात्र खोका आधी येतो. अटल टिंकरिंग प्रयोगशाळेसाठी एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते. पैसा आला की तयार किट येते, आणि तयार किटातून काळ्या रेषेवरून धावणारी तीच ती गाडी बाहेर पडते. ती प्रदर्शनात चालते, पाहुणे टाळ्या वाजवतात, मग ती कपाटात जाते. कारण सुटे भाग हरवले तर उत्तर शिक्षकाला द्यावे लागते. साध्या नियंत्रक पट्टीची किंमत काही शे रुपये असते. ती जळेल, जळावीही. पण नोंदवहीत ‘साहित्य वापरात संपले’ असे लिहिण्याची मुभा शिक्षकाला नसेल, तर कपाटाचे कुलूप उघडणार नाही. माझ्या मते या योजनांची खरी अडचण निधीइतकीच या नोंदवहीतही आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एक सोय करून ठेवली आहे, तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. २०२० च्या या धोरणात माध्यमिकपूर्व टप्प्यावर कोडिंग आहे आणि सहावी ते आठवीसाठीच दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, कुंभार, कलाकार यांच्या सोबतीने शिकण्याचीही तरतूद आहे. वर्ग तेच, मुले तीच. तरी एक विषय संगणक कक्षात, दुसरा सहलीच्या यादीत. डिचोलीच्या कुंभाराकडे गेलेल्या मुलांनी मातीची पणती घडवावी आणि अंधार पडताच आपोआप उजळणारा दिवा तिच्यात बसवावा, यासाठी नवा शासन निर्णय लागू नये. कुणबी साडीच्या चौकटीत कोणता रंग किती धाग्यांनंतर परततो हे मोजणारी मुलगी आवर्तनाचाच धडा गिरवत असते.

शिक्षकांची शंका रास्त आहे. पस्तीस मुलांच्या वर्गात मोटर, गोंद आणि तारा घेऊन चाळीस मिनिटांत काय होणार? काहीच होणार नाही. म्हणूनच दप्तराविना दिवस जूनच्या वेळापत्रकात सुटे न विखुरता चवथीच्या आधी सलग ठेवावेत. त्या काळात देखाव्यांचे कारागीर गावातच असतात, आणि पुठ्ठा, बांबू, रंग तर घराघरांत निघालेले असतात.