प्रतिनिधी कोणाचे?

निवडून गेलेला प्रतिनिधी सामान्यांचा राहत नाही, हे मत अर्धेच खरे आहे. 2011च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात एका आमदारामागे सरासरी 3.9 लाख, तर एका खासदारामागे 23 लाखांहून अधिक लोक येतात. अमेरिकेत प्रतिनिधीगृहाच्या एका सदस्यामागे हे प्रमाण साडेसात लाखांच्या आसपास असूनही तिथे हीच तक्रार ऐकू येते. शिवाय 1985च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडल्यास सदस्यत्व धोक्यात येते. मतदारसंघाच्या हितापेक्षा पक्ष वरचढ ठरतो, तो इथे.

गावपातळीवर चित्र वेगळे आहे. रोहिणखेडसारख्या गावात सरपंच रोज दिसतो. 2022पासून थेट सरपंच निवड पुन्हा लागू झाली असून अविश्वास ठरावावर अंतिम कौल ग्रामसभा देते. अशी सोय आमदार-खासदारांबाबत नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा बंधनकारक आहेत. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल ती संख्या पुरते.

मात्र गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला पुढच्या वेळी गणपूर्ती लागत नाही. मग पारावर गप्पा रंगतात आणि कार्यालयात मोजक्या सह्यांवर ठराव मंजूर होतात. इतिवृत्तात नाव नसलेल्याचे म्हणणे प्रतिनिधीपर्यंत पोहोचणार कसे? तेव्हा प्रतिनिधींना दोष देण्याआधी पुढच्या ग्रामसभेला हजर राहावे आणि आपला प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.

— एक वाचक, रोहिणखेड (जि. बुलढाणा)