स्वस्त पॉवर सप्लाय, शेजाऱ्याला ताप

पेणच्या रामवाडीत झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाईन अर्ज अशी कामे करणाऱ्या दुकानांत संगणक ही आता नवलाई राहिलेली नाही. धंदा वाढतो ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु अशा एखाद्या दुकानात हलक्या प्रतीचा पॉवर सप्लाय असला, की शेजारच्या रेडिओवर दिवसभर घरघर चालते. ऐकणारा बिचारा म्हणतो, आपला सेट बिघडला!

दोष सेटचा नसतो. संगणकाचा पॉवर सप्लाय, म्हणजे एस.एम.पी.एस., सेकंदाला हजारो वेळा वीज तोडतो आणि जोडतो. म्हणूनच तो आकाराने लहान व वजनाला हलका होतो. पण या तोडजोडीतून निघणारे तरंग वायरिंगमध्ये शिरतात आणि तीच वायर एरियलसारखी काम करते. ते अडवण्यासाठी आत एक फिल्टर असतो : काही कपॅसिटर आणि फेराइटवर गुंडाळलेली कॉइल. हलक्या मालात कित्येकदा फिल्टरची जागा रिकामी ठेवून साधी तार जोडलेली असते. वाचतात थोडे रुपये. ते वाचवतो कारखानदार आणि भोगतो शेजारी.

दुसरी चूक आपली आहे. प्लगला तिसरी पिन असते, पण दुकानात अर्थिंगच नसते. मग चांगला फिल्टरही पुरते काम करीत नाही आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात.

दुसऱ्याच्या विजेचा उपद्रव आपल्या जिल्ह्याला नवा नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय मोजमाप बिघडू नये, यासाठी १९०४ साली अलिबागला वेधशाळा सुरू झाली. ट्राम धावली १९०७ मध्ये. तेव्हा उपकरणे हलवता आली. रामवाडीतला श्रोता घर कुठे हलवणार?

हा केवळ गाण्यांच्या करमणुकीचा प्रश्न नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा अनेक गावांत वीज आणि मोबाईल कित्येक दिवस बंद होते. अशा वेळी सेलवरचा रेडिओच कामी येतो. वीज गेल्यावर संगणकही बंद पडतो, हे खरे. पण वादळाचा इशारा येतो तो आधी, वीज चालू असताना.

रेडिओतील अडथळ्यांच्या मर्यादांवर 'सिस्पर' ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ पासून काम करीत आहे. आपल्याकडे २०१२ च्या आदेशाने संगणकाच्या अनेक वस्तूंना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची झाली. तिचा मुख्य रोख मात्र विजेचा धक्का आणि आग यांपासून सुरक्षिततेवर आहे. शिक्का दिसला म्हणजे रेडिओला त्रास होणार नाही, असे समजू नये.

तेव्हा व्यापारी बांधवांनी एक सोपी परीक्षा करावी. खिशातला रेडिओ मध्यम लहरींवर, स्टेशन नसलेल्या जागी लावावा आणि पॉवर सप्लायपासून हातभर दूर धरावा. संगणक चालू करून पाहावा, मग बटणाने नव्हे, तर प्लग काढून बंद करावा. खरखर एकदम थांबली, तर तो माल गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये, घाऊक व्यापाऱ्याला परत करावा. दुकानाचे अर्थिंगही तपासून घ्यावे. शेजाऱ्याला ताप देऊन मिळवलेला नफा हा नफा नव्हे.